पिंपल्सवर ‘ती’ ट्यूब लावण्याआधी मागची बारीक अक्षरं वाचा

मुरूम म्हणा, तारुण्यपीटिका म्हणा, नाहीतर सरळ पिंपल्स म्हणा. वयात येणाऱ्या बहुतेक मुलामुलींना हा त्रास थोडाफार होतोच. त्यातल्या पुष्कळांचे मुरूम सौम्य असतात आणि योग्य उपचारांनी नीट आटोक्यात येतात. तरीही त्वचेच्या ओपीडीत रोज असे चेहरे येतात ज्यांचं नुकसान मुरुमांनी कमी आणि उपचारांनी जास्त केलेलं असतं. लालबुंद, भाजल्यासारखा चेहरा, उन्हात गेलं की आग, गालावर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं, हनुवटीवर नव्याने आलेली लव आणि पूर्वीपेक्षा दुप्पट मुरूम.

यामागे बहुतेक वेळा एक छोटी ट्यूब असते. ती मैत्रिणीने सांगितलेली असते, पार्लरवाल्या ताईंनी दिलेली असते, किंवा मेडिकलच्या काउंटरवर “पिंपल्सवर काहीतरी द्या” म्हटल्यावर हातात आलेली असते. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो: मुरुमांवर स्वतःच्या मनाने स्टेरॉइडची ट्यूब लावणं हा उपचार नाही, ती चेहऱ्याची हानी आहे आणि ती उघडपणे, रोज, आपल्या गल्लीत चालू आहे. आपण सगळे तिकडे काणाडोळा करतो म्हणून ती थांबत नाही.

हे पटायचं असेल तर आधी मुरूम येतात कसे ते समजून घ्यावं लागेल.

मुरूम का येतात?

आपल्या त्वचेवरच्या प्रत्येक केसाच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते. चेहरा, छाती आणि पाठ या भागांतल्या ग्रंथी सर्वांत मोठ्या असतात, म्हणूनच मुरूमही तिथेच येतात. वयात येताना शरीरात अँड्रोजेन हॉर्मोन्स वाढतात. ही हॉर्मोन्स मुलींमध्येही असतात, फक्त प्रमाण कमी असतं. त्यांच्या प्रभावाखाली चार गोष्टी घडतात.

1. तैलग्रंथी जास्त तेल (सीबम) तयार करू लागतात.

2. केसाच्या छिद्राच्या आतल्या पेशी नीट झडून बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि छिद्राचं तोंड बंद होतं. आत तेल आणि मृत पेशींचा बोळा बसतो. बोळा झाकलेला राहिला तर पांढरा ठिपका दिसतो, तोंड उघडं असेल तर काळा. हा काळा रंग मळाचा नसतो, तो मुख्यतः त्वचेतल्याच मेलॅनिन या रंगद्रव्याचा असतो. त्यामुळे घासून तो जात नाही.

3. कोंडलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे जिवाणू वाढतात. हे जिवाणू तुमच्या-माझ्या, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असतात. ते असणं म्हणजे अस्वच्छता नव्हे.

4. या सगळ्याला शरीर प्रतिसाद देतं आणि दाह सुरू होतो. लाल पुटकुळी, पू, दुखणारी गाठ हे त्या दाहाचं दिसणारं रूप.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा मुद्दा तिच्यावर उभा आहे. डोळ्यांना दिसणारा मुरूम आज आला असला तरी त्याचा सूक्ष्म बोळा कित्येक आठवड्यांपूर्वीच त्वचेत तयार झालेला असतो. आज चेहऱ्यावर पाच मुरूम दिसत असतील, तर पुढच्या महिन्याचे मुरूम आताच आत तयार होत आहेत. म्हणून दिसणारा मुरूम दाबून टाकणं म्हणजे उपचार नाही. खरा उपचार नवीन बोळे बनणं थांबवतो, आणि त्याला वेळ लागतो.

मग हे उष्णतेने, तेलकट खाण्याने होत नाही का?

वडापावमधलं तेल पोटातून चेहऱ्यावर येत नाही. पोट साफ नसल्यामुळे किंवा रक्त ‘अशुद्ध’ झाल्यामुळेही मुरूम येत नाहीत. आहाराचा थोडा संबंध आहे, पण वेगळ्या वाटेने. साखर, मैदा, गोड पेयं असे रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ, काही जणांमध्ये दूध, आणि जिममध्ये घेतली जाणारी व्हे प्रोटीन पावडर यांच्यामुळे मुरूम वाढू शकतात. हे टाळल्याने काहींना फायदा होतो, पण फक्त पथ्याने मध्यम किंवा तीव्र मुरूम बरे होत नाहीत.

आनुवंशिकता मात्र महत्त्वाची. आई-वडिलांना तीव्र मुरूम आणि खड्डे असतील, तर मुलांच्या बाबतीत उपचार लवकर सुरू करा. डोक्याला भरपूर तेल लावण्याची सवय असेल तर कपाळावर बारीक पुटकुळ्या येतात. मुलींमध्ये मुरुमांबरोबर पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर जाड केस येत असतील, डोक्यावरचे केस विरळ होत असतील, तर पीसीओएसची तपासणी करायला हवी. आणि “लग्न झालं की जातील” हे वाक्य कृपया बंद करा. बऱ्याच मुलामुलींचे मुरूम विशीच्या मध्यापर्यंत कमी होतात हे खरं, पण कित्येक स्त्रियांना ते तिशी-चाळिशीतही येत राहतात. शिवाय मुरूम गेले तरी खड्डे जात नाहीत. वाट बघण्याची किंमत मुलगी चेहऱ्यावर आयुष्यभर वागवते, सल्ला देणारी मावशी नाही.

आता त्या ट्यूबकडे वळू

बाजारात अशा ट्यूब साधारण दोन प्रकारच्या मिळतात. पहिल्या प्रकारात तीव्र स्टेरॉइड, एक अँटिबायोटिक आणि एक बुरशीविरोधी औषध एकत्र असतं. म्हणजे पुरळ, खाज, नायटा, मुरूम, काहीही असो, एकच ट्यूब. निदान करायची गरजच नाही! दुसऱ्या प्रकारात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असतं. या तिहेरी मिश्रणाची मूळ कल्पना 1975 मध्ये क्लिगमन आणि विलिस या अमेरिकी डॉक्टरांनी मांडली. ती होती वांग या विकारासाठी. वांगावर आजही हे मिश्रण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजक्या आठवड्यांपुरतं वापरलं जातं. आपल्याकडे ते ‘गोरं होण्याची क्रीम’ म्हणून महिनोन्‌महिने चेहऱ्याला फासलं जातं.

स्टेरॉइडने चेहरा उजळ का दिसतो, हे कळलं की या जादूतली हवा निघून जाते. स्टेरॉइड त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं. रक्त कमी आलं की लाली कमी होते आणि त्वचा फिकट पडते. 1962 मध्ये मॅकेन्झी आणि स्टॉटन या संशोधकांनी याच गुणाचा उपयोग करून स्टेरॉइडची ताकद मोजण्याची चाचणी बसवली: त्वचा जितकी जास्त पांढरी पडेल तितकं ते औषध तीव्र. म्हणजे आरशात ज्याला तुम्ही ‘ग्लो’ म्हणता, तेच प्रयोगशाळेत औषधाच्या तीव्रतेचं माप आहे. शिवाय स्टेरॉइड दाह दाबतं. दोन-तीन दिवसांत लाल मुरूम बसतो, दुखायचं थांबतं. मुलगी खूश, आई खूश, दुकानदाराचं नाव होतं.

पण वर सांगितलेल्या चार कारणांपैकी या ट्यूबने काय केलं? तेल कमी झालं नाही. छिद्रांमधले बोळे सुटले नाहीत. फक्त चौथ्या पायरीवरचा दाह काही दिवस झाकला गेला. उलट स्टेरॉइड स्वतःच मुरूम निर्माण करतं. एकसारख्या, बारीक, लाल पुटकुळ्या एकदम उठतात. मग ट्यूब बंद केली की आकुंचलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुलतात, चेहरा लाल होतो, आग होते, मुरूम उसळतात. माणूस घाबरतो आणि पुन्हा तीच ट्यूब लावतो. पुन्हा दोन दिवस बरं वाटतं. हे चक्र एखाद्या व्यसनासारखं चालतं. दरम्यान त्वचा पातळ होत जाते, रक्तवाहिन्या वरून दिसू लागतात, लव वाढते, आणि साधं पाणी लागलं तरी चेहरा चुरचुरतो.

भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला नावच दिलं आहे: टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस. एखाद्या देशातल्या डॉक्टरांना औषधाने बिघडलेल्या चेहऱ्यासाठी वेगळं नाव शोधावं लागतं, यातच प्रश्न किती मोठा आहे ते आलं. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातल्या अनेक शहरांमधले, चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले 2926 रुग्ण तपासले गेले. त्यातले 433, म्हणजे जवळजवळ 15 टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलेलं होतं. आणि सर्वांत जास्त आढळलेला दुष्परिणाम कोणता? मुरूम येणं किंवा असलेले वाढणं.

“पण मला तर फरक पडला होता!”

हे वाक्य मी रोज ऐकतो आणि ते खोटं नाही. फरक पडतोच. गोम तिथेच आहे. चुकीचं औषध पहिल्या आठवड्यात छान वाटतं आणि तिसऱ्या महिन्यात चेहरा बिघडवतं. बरोबर औषध पहिल्या काही आठवड्यांत कोरडेपणा आणतं, साली निघतात, कधी मुरूम थोडे वाढतातही, आणि तिसऱ्या महिन्यात चेहरा सुधारतो. ज्याला हे आधी कुणी सांगितलेलं नसतं तो बरोबर औषध पंधरा दिवसांत फेकतो आणि चुकीचं औषध वर्षभर लावतो. लग्न तीन आठवड्यांवर आलेलं असेल तर कुठल्या ट्यूबची निवड होईल, हे सांगायला नको.

“डॉक्टरांनीच लिहून दिली होती.”

हेही कधी कधी खरं असतं. म्हणून हा परिच्छेद माझ्या व्यवसायबंधूंसाठी. निदान न करता मिश्र मलम लिहिणं हा वेळ वाचवण्याचा मार्ग आहे, उपचाराचा नाही. रुग्ण ती चिठ्ठी जपून ठेवतो, वर्षभर दाखवून ट्यूब घेत राहतो आणि शेजारणीलाही सांगतो. गेल्या काही वर्षांत नायटा इतका चिवट का झाला, नेहमीच्या उपचारांना दाद का देईना, याच्या कारणांमध्येही हीच मिश्रणं आहेत. तुम्ही लिहिलेली ट्यूब किती दिवस, कुठे लावायची आणि कधी थांबवायची हे चिठ्ठीवर नसेल, तर ती चिठ्ठी अपुरी आहे.

“दुकानात मिळते, म्हणजे सुरक्षितच असणार ना?”

नाही. 2018 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून 14 स्टेरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. त्वचारोगतज्ज्ञांच्या आयएडीव्हीएल या संघटनेने त्यासाठी बराच पाठपुरावा केला होता. नियम कागदावर आहे. आता तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन चिठ्ठीशिवाय ट्यूब मागून बघा, म्हणजे नियम कुठे आहे ते कळेल. सगळे फार्मासिस्ट असे नाहीत. “हे चेहऱ्यावर लावू नका, डॉक्टरांना दाखवा” असं सांगून गिऱ्हाईक परत पाठवणारेही आहेत, आणि त्यांचं नुकसानच होतं, कारण गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. म्हणून अंमलबजावणी सगळ्यांवर सारखी हवी. प्रामाणिक दुकानदाराने एकट्याने तोटा का सोसायचा?

“त्वचेचे डॉक्टर महाग असतात.”

हा आक्षेप सर्वांत खरा आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. तालुक्याच्या गावात अनेकदा त्वचारोगतज्ज्ञ नसतोच. पण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचाविकार विभाग असतो, तिथली ओपीडी स्वस्त असते. शिवाय सौम्य मुरुमांसाठी दर आठवड्याला खेटे घालावे लागत नाहीत. एकदा नीट तपासून घेतलं की दीड-दोन महिन्यांनी पुन्हा दाखवलं तरी चालतं. आणि बिघडलेला चेहरा दुरुस्त करण्याचा, खड्ड्यांवर लेझर करण्याचा खर्च मूळ उपचाराच्या कितीतरी पट असतो.

एक स्पष्ट करतो. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. एक्झिमा, सोरायसिस अशा आजारांत ते फार उपयोगी आहे. मुरुमाची मोठी, दुखरी गाठ असेल तर त्वचारोगतज्ज्ञ तिच्यात स्टेरॉइडचं अगदी थोडं इंजेक्शनही देतात. भांडण औषधाशी नाही. कुणाला, कुठे, किती दिवस हे न विचारता ते वाटण्याशी आहे.

मग योग्य उपचार काय?

*सौम्य मुरूम:* मुख्य औषध ॲडापॅलिनसारखं रेटिनॉइड मलम. ते छिद्रातले बोळे बनणं थांबवतं. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं घेऊन पूर्ण चेहऱ्यावर पातळ लावायचं. फक्त मुरुमावर ठिपका लावून उपयोग नाही. सुरुवातीला एक रात्र सोडून लावा, वर मॉइश्चरायझर लावा. गरोदरपणात हे टाळायचं. त्या काळात ॲझेलाइक ॲसिडसारखे पर्याय आहेत.

*बेन्झॉइल पेरॉक्साइड:* जिवाणूंवर काम करतं आणि जिवाणू त्याला निर्ढावत नाहीत. 2.5 टक्क्यांचं जेल बहुतेकांना पुरतं. जास्त तीव्र घेतल्याने फायदा फारसा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते. रंगीत टॉवेल आणि उशीचे अभ्रे याने फिके पडतात, तेव्हा पांढरे वापरा.

*अँटिबायोटिक मलम (क्लिंडामायसिन):* एकटं कधीच वापरू नये. बेन्झॉइल पेरॉक्साइडसोबत वापरावं, नाहीतर जिवाणू दाद देईनासे होतात.

*मध्यम मुरूम:* वरील मलमांसोबत डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, साधारण तीन महिने. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही. गरोदरपणात ही गोळी चालत नाही.

*हॉर्मोन्सशी संबंधित मुरूम:* स्त्रियांमध्ये डॉक्टर तपासणी करून हॉर्मोनच्या गोळ्या किंवा स्पायरोनोलॅक्टोन देऊ शकतात.

*तीव्र मुरूम, गाठी, खड्डे पडत असतील तर:* आयसोट्रेटिनॉइन. मुरुमांच्या चारही कारणांवर काम करणारं हे सर्वांत प्रभावी औषध. ओठ जवळपास प्रत्येकाचे कोरडे पडतात, रक्ततपासणी करावी लागते. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गर्भावर याचे गंभीर दुष्परिणाम होतात. म्हणून उपचारांआधी एक महिना, उपचार चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिना गर्भधारणा होता कामा नये. ही गोळी डॉक्सिसायक्लिनबरोबर घ्यायची नाही, आणि दुसऱ्याची चिठ्ठी वापरून तर अजिबात नाही.

कुठल्याही उपचाराला आठ ते बारा आठवडे द्या. चेहरा दिवसातून दोनदा सौम्य क्लेन्झरने धुवा, जास्त नाही. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा चेहऱ्याला लावू नका. मुरूम फोडू नका. डाग राहू नयेत म्हणून दिवसा सनस्क्रीन लावा.

आजच करायच्या तीन गोष्टी

पहिली: घरातल्या सगळ्या ट्यूब बाहेर काढा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन, हॅलोबेटासोल यांपैकी एकही नाव दिसलं तर ती मुरुमांची ट्यूब नाही. नाव, घटक काहीच न छापलेली डबी पार्लरमधून किंवा ऑनलाइन आलेली असेल, तर ती ‘हर्बल’ म्हणून सांगितली असली तरी चेहऱ्याला लावू नका.

दुसरी: अशी ट्यूब तुम्ही कित्येक आठवडे किंवा महिने लावत असाल, तर हा लेख वाचून घाबरून एकदम बंद करू नका. चेहरा उसळू शकतो. ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. काही लपवू नका, किती दिवस लावली ते खरं सांगा. बहुतेक चेहरे सावरतात, पण काही महिने लागतात आणि त्या काळात धीर धरावा लागतो.

तिसरी: पुढच्या वेळी कुणी म्हणालं, “ही लाव, दोन दिवसांत फरक पडतो,” तर सावध व्हा. मुरुमांमध्ये दोन दिवसांत पडणारा फरक ही शाबासकी नाही, धोक्याची घंटा आहे. सांगणाऱ्याला ट्यूबची मागची बाजू दाखवा. आणि ती व्यक्ती ऐकत नसेल, तर निदान तुमच्या धाकट्या बहिणीला, भावाला, शेजारच्या अकरावीतल्या मुलीला हे सांगा. काउंटरवर पोहोचण्याआधी तिला हे कळलं, तर तिचा चेहरा वाचेल.